कापूस घरात असताना

ये, इथं पलंगावर बस. बॅग मी भरते, तू नुसतं ऐक. उद्या सकाळी गेवराईच्या स्टँडवर आई रडेल, बाबा उगाच कंडक्टरशी बोलत राहतील आणि मला जे सांगायचंय ते राहून जाईल. नर्सिंगला नंबर लागला म्हणून मंडळीत पेढे वाटून झाले, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आता आपलं बहिणीबहिणीचं बोलू.

त्या खोलीकडं बघ. आढ्यापर्यंत कापूस. भाव वाढेल म्हणून बाबांनी ठेवलाय. कापूस घरात आला की बाबा काय काय करतात, हे तू लहानपणापासून बघतेस. काडेपेटी त्या खोलीच्या आसपास दिसू देत नाहीत. बिडी ओढणारा पाहुणा आला की त्याला बाहेर लिंबाखाली बाज टाकून देतात. वायर कुठं सोललेली दिसली तर आधी ती बदलतात. नाताळच्या मेणबत्त्यासुद्धा आपण ओट्यावर लावतो, आत नाही. कापूस वाईट आहे म्हणून का? वर्षाची कमाई आहे ती. मेणबत्तीही वाईट नाही. दोघांत अंतर ठेवायचं, एवढंच. मोहाचंही मला असंच वाटतं. तिथं जाऊन मन घट्ट करू, असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तिथं जायचंच नाही, हे आधी घरात बसून ठरवावं लागतं.

पेत्र आठव. त्याच्याइतकं मन घट्ट कुणाचं होतं? मरेन पण तुला सोडणार नाही, असं तो प्रभूला सांगून बसला होता. त्याच रात्री बागेत त्यानं तलवारही उपसली. मग काय झालं? थंडी होती, महायाजकाच्या अंगणात विस्तव पेटवलेला होता, आणि प्रभूला धरून नेणाऱ्यांच्याच घोळक्यात तो शेकत बसला. शेकण्यात पाप कसलं? पण एका दासीनं नुसतं विचारलं आणि तलवार उपसणाऱ्या माणसाची जीभ फिरली. कोंबडा आरवायच्या आत तीनदा. संडे स्कूलमध्ये आपल्याला कोंबड्याचं चित्र रंगवायला देत. मला वाटतं, त्या शेकोटीचं द्यायला हवं होतं.

आता जे सांगते ते आईलाही नीट माहीत नाही. मी संगणकाच्या कोर्सला जायचे तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची गाडी कधी भरून यायची, कधी यायचीच नाही. ओळखीतला एक मोठा माणूस, घरी येऊन चहा पिऊन जाणारा, मोटारसायकलवर सोडतो म्हणाला. बसले. घरी सांगितलं, बस मिळाली. दुसऱ्यांदाही तेच सांगितलं. चौथ्या की पाचव्या दिवशी त्यानं गाडी आपल्या रस्त्याला न घेता हायवेवरच्या एका ढाब्याकडं वळवली. जेवून जाऊ म्हणाला, आणि मागच्या बाजूला खोल्या होत्या. मी उतरले. पाय लटपटत होते. रस्त्याच्या कडेला एक म्हातारी सीताफळांची पाटी घेऊन बसली होती, तिच्याजवळ जाऊन बसले. तिनं काही विचारलं नाही. पाटी थोडी सरकवली आणि एक फळ फोडून हातात दिलं. बाबा येईपर्यंत मी त्या फळाच्या बिया मुठीत घट्ट धरून बसले होते.

त्याची नियत खराब होती, तो दोष त्याचा. हे पक्कं लक्षात ठेव. उद्या कुणी तुझ्याशी वाईट वागलं तर 'मीच तिथं गेले होते' म्हणून स्वतःला कोसत बसू नकोस. दुसऱ्याचं पाप देव तुझ्या खात्यावर मांडत नाही, आणि माणसांनाही मांडू देऊ नकोस. पण माझं स्वतःचं काय, हे मी नंतर खूप शोधलं. मला सापडलं ते 'बस मिळाली' हे वाक्य. ज्या दिवशी ते पहिल्यांदा बोलले, त्या दिवशी माझ्यामागं उभं राहणारं घर मीच बाजूला सारलं. म्हणून तुला एक खूण सांगते. एखादी गोष्ट घरी सांगताना शब्द बदलावासा वाटला की समज, ठिणगी जवळ आलीय. मग ते मुलाचं असो, मैत्रिणीच्या पार्टीचं असो, नाहीतर मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपचं.

आणि पळायला लाजू नकोस. योसेफ पोटीफरच्या घरात वाद घालत बसला नाही. आपला झगा त्या बाईच्या हातात सोडून पळाला. पुढचं मात्र आपण मुलींना सांगायचं टाळतो. पळाला म्हणून त्याला बक्षीस मिळालं नाही, त्याच झग्याचा पुरावा करून त्याला तुरुंगात टाकलं. तुलाही म्हणतील, काकूबाई आहे, गावठी आहे, जास्तच धार्मिक आहे. वरिष्ठ कुणी असेल तर ड्युटी वाईट लावेल. झगा जाऊ दे. १८१ आणि ११२ हे नंबर फोनमध्ये वर ठेव, पैशाची फसवणूक झाली तर १९३०. अडचण नसताना पाठ करून ठेव. त्या ढाब्यासमोर मला बाबांचा नंबर आठवायला किती वेळ लागला होता, माझं मला माहीत.

नाइट ड्युटी सुरू झाली की डबा चुकवू नकोस. हसू नकोस, हे मी प्रभूकडूनच शिकले. रानात चाळीस दिवस उपाशी राहिल्यावर सैतान त्याच्याकडं आला आणि पहिली गोष्ट काढली भाकरीची. कधी यायचं हे त्याला कळतं. भूक, जागरण, एकटेपणा, आणि वरून कुणी गोड बोललं की माणूस वितळतो. अशा वेळी कुणाला हो म्हणू नकोस. जेव, झोप, सकाळी ठरव.

पंडिता रमाबाईंचं मला यासाठीच फार वाटतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. स्वतः त्यांनी कोवळ्या वयात आई, वडील, बहीण असल्याच उपासमारीत गमावलेले. तिथं पोटासाठी पोरींची कशी नासाडी होते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्या पोरींना शुद्ध राहा म्हणून उपदेश करून रमाबाई परत आल्या असत्या तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी शेकडो मुली सोबत आणल्या. पुण्यात प्लेगची बंधनं, तर केडगावला घेतलेल्या माळावर वसवल्या. तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. शाळा, हातमाग, छापखाना. त्यांनी केलेलं मराठी बायबल छापायचं तर खिळे जुळवायला याच मुली. ज्या मुलीला रात्री छप्पर आहे आणि दिवसा हातात काम आहे, तिला वाचवायचं अर्धं काम झालेलं असतं, हे त्या बाईनं ओळखलं होतं. म्हणून मी तुला म्हणते, गेल्या गेल्या पहिल्या रविवारी तिथलं चर्च शोध. मैत्रिणी तिथल्या जोड, एखाद्या घरी जेवायला जात जा. रिकामा रविवार हॉस्टेलवर काढू नकोस.

लहानपणी तू मला विचारलं होतंस, प्रभूच्या प्रार्थनेत 'परीक्षा' कशी गं, शाळेची का? तेव्हा मी तुला गप्प केलं होतं. आता सांगते. ती परीक्षा म्हणजे हेच सगळं. त्यात पडूच नये अशी विनवणी स्वतः प्रभूनं आपल्याला शिकवली, म्हणजे टाळणं हा भित्रेपणा नाही. आणि तिथं एकटीचं मागणं नाही बघ. 'आम्हाला' म्हणतो आपण, 'मला' नाही. तू तिथं म्हणशील तेव्हा त्यात मी असेन, मी इथं म्हणेन तेव्हा तू.

तरीही चुकलीस तर? माणूस आहेस, चुकशील. पेत्राची गोष्ट त्या अंगणात संपली नाही. पुढं सरोवराच्या काठावर पहाटे पुन्हा एक विस्तव पेटलेला होता, कोळशांचाच. या वेळी तो प्रभूनं पेटवलेला. रात्रभर जाळं ओढून दमलेल्या पेत्राला त्यानं आल्या आल्या जाब विचारला नाही. मासळी भाजून ठेवली होती, भाकर होती. आधी खाऊ घातलं. प्रश्न नंतर, आणि तेही प्रेमाबद्दलचे.

तसंच माझ्याकडं ये. रात्री दोनला फोन कर, मी उशाशी घेऊन झोपते. कुठं आहेस विचारीन, आणि जेवलीस का. बाकीचं सकाळी. बाबांना उठवून मिळेल त्या गाडीनं शहागडचा पूल ओलांडून तुझ्याकडं येऊ.

हे बघ, बाजूच्या कप्प्यात शेंगदाण्याची चटणी ठेवलीय, डबा उभाच राहू दे. आणि दिवा मालवून ये, सहाची गाडी आहे.