शून्य टक्क्याचा टीव्ही

प्रश्न : शहाद्याच्या बाजारात टीव्ही बघायला गेलो. किंमत चोवीस हजार, ‘बारा-चारची स्कीम आहे, व्याज शून्य टक्के’ असं दुकानदार म्हणाला. व्याजच नाही तर फायनान्स कंपनी जगते कशावर? शिवाय आमच्या घरी पैसा येतो तो मिरचीचा नाहीतर उसाचा, एकदम. हप्ता मात्र दर महिन्याला. यात घासाघीस करायला जागा असते का?
– एक वाचक, ता. शहादा

उत्तर : कंपनी व्याजावरच जगते, फक्त ते व्याज तुमच्या पावतीवर दिसत नाही. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं. आता पाट्यांवर ‘नो कॉस्ट’ असा शब्द असतो. टीव्ही बनवणारी कंपनी किंवा दुकानदार आपल्या पदरचं काही फायनान्सवाल्याला देतात. रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सूट मिळाली असती, ती बहुतेक वेळा अशी व्याजापोटी जाते.

तुमचाच टीव्ही घेऊ. बारा-चार म्हणजे दोन हजारांचे बारा हप्ते, त्यातले चार आजच भरायचे. म्हणजे कर्ज चोवीस हजारांचं नाही, सोळा हजारांचं, आणि तेही आठ महिन्यांचं. आता फाइल चार्ज पाचशे धरा, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ५९०. एवढ्यानेच तुमचं शून्य वर्षाला दहा टक्क्यांच्या आसपास जातं. आणि तोच टीव्ही रोखीने साडेबावीस हजारांना मिळत असेल तर? मग आज भरलेले आठ हजार आणि ५९० वजा जाता तुमच्या हातात उधार पडले फक्त १३,९१० रुपये, आणि आठ महिन्यांत फेडायचे सोळा हजार. हिशेब करून पाहिला तर महिन्याला शेकडा सव्वातीन निघतात, वर्षाचे जवळजवळ ३९ टक्के. गावातल्या सावकाराने हा दर सांगितला असता तर तुम्ही ओट्यावरूनच परत फिरला असता.

तेव्हा घासाघिशीला जागा आहे, आणि भरपूर आहे. फक्त ती व्याजाच्या दरात नाही. काउंटरवर टॅब घेऊन बसलेल्या मुलाला दर बदलायचा अधिकार नसतो. त्याच्याशी वाद घालून त्याचा आणि आपला दोघांचा वेळ जातो. बोलायचं ते गल्ल्यावर बसलेल्या मालकाशी, आणि हप्त्याचं नावही न काढता. ‘रोखीने शेवटचा भाव काय?’ हा आकडा आधी कागदावर लिहून घ्या. त्यानंतरच स्कीम विचारा. क्रम उलटा झाला की रोखीचा भाव तुम्हाला कधीच कळत नाही.

मग फाइल चार्ज. तो पुष्कळदा दुकानदार स्वतः सोसतो, विशेषतः महिनाअखेर, टार्गेट अडलेलं असताना. टीव्हीचा विमा, वाढीव वॉरंटी, हप्त्याच्या कार्डाची फी हे सगळं नको म्हणता येतं. ‘याशिवाय फाइल पास होत नाही’ असं कोणी म्हणालं तर ते लिहून मागा, सूर लगेच बदलतो. हप्त्याची तारीख उसाचं बिल किंवा पगार जमा होण्याच्या नंतरची मागा. उसाचं बिल १४ दिवसांत द्यावं असा नियम आहे, पण नियमाच्या भरवशावर हप्ता बांधू नका. खात्यात पैसे नसले की बँकही दंड कापते आणि फायनान्स कंपनीही.

आणखी एक विचारा : मिरचीचे पैसे आले की उरलेलं कर्ज एकरकमी फेडलं तर काय लागेल? १ जानेवारी २०२६ पासून व्यक्तींच्या बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही, पण दुकानातली कर्जं बहुधा ठरलेल्या दराची असतात. तिथे हा आकार लागू शकतो.

तुमच्या हातातलं खरं हत्यार वेगळंच आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा प्रत्येक नव्या कर्जाआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचा कागद देणं बंधनकारक आहे, आणि तोही कर्जदाराला कळेल अशा भाषेत. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. त्यात नसलेला आकार तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. या अटी किमान तीन कामाचे दिवस कायम राहतात. म्हणजे कागद घेऊन घरी जा, दुसऱ्या दुकानात दाखवा, मग या. ‘ऑफर आजच संपते’ हे ऐकून घाबरू नका.

ही घाई कुठून आली, त्याचा एक धागा तुमच्याच तालुक्यात आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी टेंभलीत दिलं गेलं. आज त्याच आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला की काही मिनिटांत कर्ज मंजूर होतं. सोय मोठीच. पण आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदार ठेवताना रक्कम, धान्य, कपडे, उचल सगळं आधी बोलून होतं आणि मग साल सुरू होतं. दुकानात मात्र आपण आधी टीव्ही पसंत करतो, ओटीपी देतो आणि अटी घरी आल्यावर वाचतो.

बियाणं-खताच्या उधारीलाही हेच लागू. पीक आल्यावर पैसे द्या म्हणणारा दुकानदार भावातच व्याज लावतो. रोखीचा आणि उधारीचा, दोन्ही भाव लिहून घ्या, पक्कं बिल मागा. खरं शून्य टक्के पाहिजे असेल तर ते पीककर्जात आहे : तीन लाखांपर्यंतचं कर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेतून व्याजाचा उरलेला भार उतरतो. खत त्या पैशातून रोखीने घ्या.

कागदात नसलेला आकार कापला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तुमच्या टीव्हीपुरतं सांगायचं तर, रोखीने दीड हजार सुटत असतील तर मिरचीचे पैसे येईपर्यंत थांबा. रोखीला एक रुपयाही कमी होत नसेल आणि मालक फाइल चार्ज सोडत असेल, तर बारा-चार खुशाल घ्या.