पॅट्रिक क्रिप्स : मधल्या फळीतील एका खेळाडूचा अभ्यास

खेळाडूचा ‘फॉर्म’ गेला आणि खेळाडूचा ‘फॉर्म’ परत आला, ही दोन वाक्ये आपण इतक्या सहजपणे उच्चारतो की, हा फॉर्म म्हणजे जणू काही रुसून माहेरी गेलेली सून असावी. ती का गेली हे कोणी विचारीत नाही आणि परत आली की सारे विसरून जातात. मानसशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला मात्र हा प्रश्न नेहमी पडतो की, परत येते ते नेमके काय? शरीर तेच, हात-पाय तेच, खेळाचे नियम तेच. मग एका वर्षी जो माणूस संपला असे लोक म्हणतात, तोच पुढच्या वर्षी सर्वश्रेष्ठ कसा ठरतो?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी मुद्दाम आपल्या परिचयाबाहेरचा खेळ निवडला आहे. क्रिकेटमधील उदाहरण घेतले असते, तर वाचकांचे लक्ष प्रश्नाऐवजी आपापल्या आवडत्या फलंदाजाकडे गेले असते. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या बाबतीत आपण सारेच निःपक्षपाती आहोत! कार्लटन या मेलबर्नच्या संघाचा मधल्या फळीतील खेळाडू पॅट्रिक क्रिप्स हा माझ्या अभ्यासाचा विषय.

खेळाची ओळख

हा खेळ आपल्याला वाटतो तितका परका नाही. ज्या मेलबर्न क्रिकेट मैदानावरील कसोटी सामने आपण डिसेंबरच्या थंडीत पहाटे उठून पाहतो, त्याच मैदानावर तेथील हिवाळ्यात हा फुटबॉल खेळला जातो. त्याचा जन्मही क्रिकेटच्या पोटी झाला आहे. टॉम विल्स या क्रिकेटपटूने १८५८ साली एक पत्र प्रसिद्ध करून, हिवाळ्यात क्रिकेटपटूंची अंगे आखडू नयेत म्हणून फुटबॉलचा संघ काढावा, असे सुचविले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १८५९ मध्ये, मेलबर्न येथे नियम लिहिले गेले. मैदान लंबवर्तुळाकार राहिले ते क्रिकेटमुळेच.

प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू मैदानात असतात. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून चेंडू लाथेने पार केला तर सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. चेंडू हाताने फेकता येत नाही. तो लाथेने मारावा लागतो किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसावा लागतो. या दुसऱ्या प्रकाराला ‘हँडबॉल’ म्हणतात. चेंडू घेऊन पळणाऱ्याला खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर धरून पाडता येते. चेंडू सोडून देण्याची पुरेशी संधी मिळूनही पकडीत सापडलेल्याने तो नियमाप्रमाणे सोडला नाही, तर प्रतिपक्षाला मुक्त लाथ मिळते. ‘ऑफसाइड’ हा प्रकारच नाही. त्यामुळे प्रतिस्पर्धी कोणत्याही दिशेने येऊन आदळू शकतो.

मैदानाच्या मध्यभागी पन्नास मीटरचा चौक आखलेला असतो. प्रत्येक गोलानंतर खेळ तेथूनच सुरू होतो आणि त्या वेळी प्रत्येक बाजूच्या चारच खेळाडूंना चौकात उभे राहण्याची परवानगी असते. एक उंच खेळाडू उडी घेऊन चेंडू आपल्या साथीदारांकडे ढकलतो आणि उरलेले तिघे त्यासाठी झटतात. हे तिघे म्हणजे मधली फळी. त्यांच्यात ढोबळमानाने दोन जाती आहेत. एक, गर्दीत शिरून चेंडू उपसून काढणारे. दुसरी, गर्दीच्या कडेला राहून, मिळालेला चेंडू घेऊन धावत सुटणारे. पहिल्यांच्या वाट्याला मार येतो, दुसऱ्यांच्या वाट्याला बहुधा टाळ्या. क्रिप्स हा पहिल्या जातीचा.

एकखांबी तंबू

क्रिप्सचा जन्म मार्च १९९५ मधला. पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थच्या उत्तरेला नॉर्दॅम्प्टन नावाचे शेतीवाडीचे छोटे गाव आहे. तेथे तो वाढला. २०१३ सालच्या खेळाडू-निवडीत कार्लटनने त्याला तेराव्या क्रमांकावर घेतले. योगायोग असा की, ज्या वर्षी तो जन्मला त्याच वर्षी कार्लटनने आपले सोळावे अजिंक्यपद मिळविले होते आणि त्यानंतर तो मान या जुन्या, १८६४ साली स्थापन झालेल्या संघाकडे फिरकलाच नव्हता.

तो संघात आला तेव्हा संघाची अवस्था बिकट होती. २०१५ मध्ये अठरा संघांत कार्लटन शेवटचा आला. त्याच वर्षी विशीतल्या क्रिप्सला संघातील सर्वोत्तम खेळाडूचे पदक मिळाले. २०१८ मध्ये बावीस सामन्यांत दोन विजय आणि पुन्हा तळाचे स्थान. या पडत्या काळात चेंडू गर्दीतून बाहेर काढण्याचे काम जवळजवळ एकट्या क्रिप्सवर येऊन पडले. एकशे पंचाण्णव सेंटिमीटर उंचीचा, भरभक्कम देहाचा हा तरुण खाली वाके, दोन-तीन जण अंगावर घेई आणि तरीही चेंडू साथीदाराकडे पोचवी. त्याच्या खेळाचे मर्म त्याच्या हातांत होते. पकड बसली तरी तो हात वर मोकळे ठेवी आणि तेवढ्या फटीतून हँडबॉल करी. आपल्याकडील कबड्डीत पाय पकडला गेला असतानाही लांब हाताने मध्यरेषा गाठणारा चढाईपटू ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याची कल्पना येईल.

पण एकखांबी तंबूचा धोका सर्वांना माहीत असतो, प्रतिपक्षाला तर विशेषच. क्रिप्सला अडविले की कार्लटन अडते, हे उघड झाले. त्याच्या पाठीशी खास माणसे लावली जाऊ लागली. २०२१ मध्ये पाठीच्या दुखापतीने त्याला ग्रासले. ती अंगावर काढीत तो खेळत राहिला. चौकात पूर्वीसारखा दरारा राहिला नाही, पावले जड झाली. संघ आठ सामने जिंकून आणि चौदा हरून तेरावा आला. प्रशिक्षक डेव्हिड टीग यांना जावे लागले. सव्विशीतच क्रिप्सचे चांगले दिवस सरले, असे म्हणणारे तेव्हा कमी नव्हते.

बदल कोणता झाला?

२०२२ च्या हंगामासाठी मायकेल व्हॉस हे प्रशिक्षक म्हणून आले. ते स्वतः मधल्या फळीचे नामांकित खेळाडू. २००१, २००२ आणि २००३ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदे मिळविणाऱ्या ब्रिस्बेनचे कर्णधार. याच सुमारास फ्रीमँटलकडून ॲडम सेरा आणि सिडनीकडून जॉर्ज ह्युएट हे दोन मधल्या फळीचे खेळाडू कार्लटनमध्ये दाखल झाले. सॅम वॉल्श हा अखंड धावणारा तरुण आधीपासून होताच. क्रिप्सनेही अंगावरचे वजन उतरविले आणि तो अधिक हलका होऊन मैदानात आला.

माझ्या मते त्याच्या खेळात तीन बदल झाले. पहिला असा की, प्रत्येक गर्दीत त्यानेच शिरले पाहिजे ही सक्ती संपली. ह्युएट आत शिरला की क्रिप्स बाहेर उभा राहून चेंडू स्वीकारू शकत होता. दुसरा, गर्दी फुटल्यावर तो तेथेच थांबेना. धावत पुढच्या खेळात सामील होऊ लागला. तिसरा बदल सर्वांत महत्त्वाचा. तो मधूनमधून गोलाच्या दिशेने पुढे सरकू लागला. मधल्या फळीत त्याच्यासमोर येणारे खेळाडू उंचीने बहुधा त्याच्यापेक्षा कमी असत. असा प्रतिस्पर्धी गोलासमोर त्याच्याबरोबर सापडला की उंच चेंडू झेलणे क्रिप्सला सोपे जाई. जी उंची आजवर गर्दीत वाकण्यात खर्ची पडत होती, ती आता गुण मिळवू लागली.

येथे मानसशास्त्रातील एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. रिंगेलमान या फ्रेंच कृषी-अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचे बळ मोजले. त्याचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. ओढणारी माणसे वाढली की दर माणशी जोर कमी होतो, असे त्यात आढळले. पुढे १९७९ मध्ये लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाळ्या वाजविण्याच्या आणि ओरडण्याच्या कामात हेच दाखवून दिले. सार्वजनिक कामात अंग चोरण्याची ही वृत्ती आपल्यालाही अनोळखी नाही. मग क्रिप्सच्या बाबतीत उलट का घडले? जोडीदार वाढले आणि त्याचा खेळ खुलला!

मला याचे उत्तर कामाच्या स्वरूपात दिसते. दोर ओढताना सर्वांचे काम एकच असते आणि कोणाचा वाटा किती हे कोणाला दिसत नाही. फुटबॉलच्या मैदानात प्रत्येकाचे काम निराळे आणि प्रत्येकाचा वाटा हजारो प्रेक्षकांसमोर उघडा. अशा ठिकाणी जोडीदार आला म्हणजे काम विभागले जाते, एवढेच नव्हे तर प्रत्येकाला आपल्या हातचे उत्तम काम निवडण्याची मोकळीक मिळते. क्रिप्सचा फॉर्म ‘परत आला’ असे म्हणण्यापेक्षा त्याच्या डोक्यावरचे ओझे वाटले गेले आणि खाली दबलेला खेळ वर आला, असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

पदक आणि न्याय

२०२२ मध्ये क्रिप्सला ब्राउनलो पदक मिळाले. १९२४ पासून दिले जाणारे हे पदक या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक मान होय. साखळीतील प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन खेळाडूंना अनुक्रमे तीन, दोन आणि एक गुण देतात. पदक ‘सर्वांत सचोटीच्या आणि सर्वोत्तम’ खेळाडूसाठी असल्याने, गैरवर्तनाबद्दल हंगामात ज्याच्यावर सामनाबंदी आली तो अपात्र ठरतो.

नेमका येथेच वाद झाला. ऑगस्टमध्ये ब्रिस्बेनविरुद्ध चेंडूसाठी झेपावताना क्रिप्स प्रतिस्पर्ध्यावर आदळला आणि त्या खेळाडूच्या मेंदूला मार बसला. न्यायाधिकरणाने दोन सामन्यांची बंदी कायम ठेवली. पण अपील मंडळाने कायद्यातील चूक आणि नैसर्गिक न्यायाचा भंग या कारणांवरून ती रद्द केली. क्रिप्स उरलेले दोन्ही सामने खेळला. अखेरच्या सामन्यात कॉलिंगवूडकडून कार्लटन एका गुणाने हरले आणि बाद फेरी हुकली. त्याच सामन्यातील तीन गुणांमुळे क्रिप्सचे २९ गुण झाले आणि ब्रिस्बेनचा लॅकी नील २८ गुणांवर दुसरा राहिला.

हा निर्णय योग्य होता काय? माझे मत असे की, दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. सुनावणी नियमाप्रमाणे झाली की नाही, हा एक. आणि डोक्याला मार बसणाऱ्या खेळात खेळाडूवर किती जबाबदारी टाकावी, हा दुसरा. अपील मंडळाने पहिल्याचे उत्तर दिले. दुसऱ्याचे उत्तर पदकाने मिळत नाही, आणि जखमी झालेल्या खेळाडूच्या दृष्टीने तोच खरा प्रश्न असतो. क्रिप्सच्या गुणांचे कौतुक करताना हे विसरता कामा नये.

विक्रमाचे मोल

२०२३ मध्ये हंगामाच्या मध्यावर कार्लटन पंधराव्या स्थानापर्यंत घसरले होते. तेथून त्यांनी लागोपाठ नऊ सामने जिंकले. क्रिप्स प्रथमच बाद फेरीत खेळला. सिडनीवर सहा आणि मेलबर्नवर दोन गुणांनी मात करून संघ उपांत्य फेरीपर्यंत पोचला व तेथे ब्रिस्बेनकडून सोळा गुणांनी हरला.

२०२४ मध्ये तर क्रिप्सने कमालच केली. ब्राउनलो पदकासाठी त्याला ४५ गुण मिळाले. तोवरचा उच्चांक ३६ गुणांचा होता. तो २०१७ मध्ये डस्टिन मार्टिनने केला आणि २०२१ मध्ये ऑली वाइन्सने त्याची बरोबरी केली होती. प्रत्येक संघाचे साखळीत २३ सामने, म्हणजे एकाला जास्तीत जास्त ६९ गुण शक्य. त्यांतले ४५ एकट्याचे! कार्लटनकडून खेळताना दोनदा हे पदक मिळविणारा तो पहिलाच.

तरीही विक्रमाकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. त्याच वर्षी दुसरा आलेल्या निक डेकॉसलाही ३८ गुण, म्हणजे जुन्या उच्चांकापेक्षा अधिक, मिळाले. शिवाय त्या काळी पंच आकडेवारी न पाहता, आपल्या डोळ्यांना जे दिसले त्यावरून गुण देत. पंच चेंडूजवळ असतात आणि चेंडूजवळ मधली फळी असते. त्यामुळे अलीकडच्या दशकांतील बहुतेक विजेते याच फळीतील आहेत. टोनी लॉकेटसारख्या निव्वळ गोल करणाऱ्या खेळाडूला १९८७ मध्ये ते विभागून मिळाले, ही अपवादाची गोष्ट. गोल वाचविणारा बचावपटू कितीही मोठा असला तरी पंचाच्या नजरेच्या टप्प्यात तो कमी येतो. मोजमापाच्या या मर्यादेमुळे क्रिप्स लहान ठरत नाही. मात्र ४५ या आकड्यात त्याच्या जागेचाही काही वाटा आहे, हे मान्य करावे लागते. आणि ४५ गुणांच्या या वर्षातही त्याचा संघ आठवा येऊन पहिल्याच बाद सामन्यात ब्रिस्बेनकडून पराभूत झाला.

समारोप

या अभ्यासातून मला जे गवसले ते थोडक्यात असे. खेळाडूची अधोगती पाहून आपण लगेच त्याच्या जिद्दीबद्दल शंका घेतो. क्रिप्सची जिद्द २०२१ मध्येही उणी नव्हती. उलट दुखऱ्या पाठीने तो गर्दीत शिरतच होता. त्याला हवे होते ते शरीराला विसावा, योग्य जोडीदार आणि आपल्या अंगच्या गुणांचा नवा उपयोग दाखविणारी योजना. ‘अजून जोर लाव’ हा सल्ला त्याच्या कामाचा नव्हता.

आपल्या महाविद्यालयातही असे एकखांबी तंबू पुष्कळ आहेत. स्नेहसंमेलन असो, नाटक असो की कबड्डीचा संघ असो, कामाचा एकच माणूस सापडतो आणि मग सर्व कामे त्याच्याच गळ्यात पडतात. परीक्षेत तो मागे पडला की आपण म्हणतो, पूर्वीचा तो राहिला नाही. अशा वेळी त्याला उपदेश करण्याऐवजी आपल्यापैकी दोघांनी पुढे होऊन ओझ्याचे एक टोक उचलावे. तो पूर्वीचा राहिला आहे की नाही, हे त्यानंतर पाहता येईल.