लहान कारागिराचे डिजिटल विपणन : आरंभ कोठून करावा?

जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या कंपनीने आपल्या कोल्हापुरीसारखी दिसणारी पादत्राणे प्रदर्शनात मांडली. वर्तमानपत्रांतून बराच गदारोळ झाला आणि त्या पादत्राणांमागील प्रेरणा भारतीय असल्याचे कंपनीने पुढे मान्यही केले. त्या दिवसांत वर्गातील मैत्रिणी मला विचारीत, "आता तुमचा धंदा जोरात असेल, नाही?" मी हसून वेळ मारून नेई. माझे वडील तीस वर्षे कोल्हापुरी पायताण करतात. पण त्यांचे नाव एकाही गिऱ्हाइकाला ठाऊक नव्हते. घरी केलेला माल व्यापारी नेई, जोडामागे मजुरी देई, आणि तळावर छाप उठे तो दुकानाचा. ज्याला मुद्दाम कारागिराकडूनच जोड घ्यायचा असेल, त्याने आम्हांला शोधायचे कोठे? या प्रश्नापायी मी डिजिटल विपणनाच्या नादी लागले. घरात कॉलेजात आलेली मी पहिलीच, तेव्हा हे काम आपसूक माझ्याकडे आले.

विपणन म्हणजे जाहिरात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६० साली विपणनाची चार अंगे सांगितली : वस्तू, किंमत, स्थान आणि प्रसिद्धी. यांत प्रसिद्धी चौथी आहे. मी आरंभच चौथ्यापासून केला व पाचशे रुपये घालवून बसले. इन्स्टाग्रामवर कापशी चपलेचे एक छायाचित्र टाकले आणि पैसे भरून ते पुष्कळांना दाखविले. बदामांचा पाऊस पडला. विचारणा मात्र एकही आली नाही. मागाहून कळले की, जाहिरात देताना आपला हेतू निवडावा लागतो. लोकांनी पान पाहावे की आपल्याला संदेश पाठवावा, हे आपणच सांगायचे असते. मी पहिला पर्याय निवडला होता, आणि प्रदेश म्हणून अवघा महाराष्ट्र. जे मागितले ते मिळाले, त्यात तक्रार कसली?

मग मी स्थानाकडे वळले. गूगलच्या नकाशावर आपल्या व्यवसायाची नोंद विनामूल्य करता येते. नाव, पत्ता, दूरध्वनी, कामाची वेळ एवढे भरले की पडताळणी होते. आमच्या बाबतीत त्यासाठी चलच्चित्र मागितले गेले : गल्ली, घरावरची पाटी, कामाची जागा आणि हत्यारे, सारे एका दमात. वडील रापी आणि आरी हातात धरून म्हणाले, "आता ह्यास्नीबी रापी दावायची व्हय?" पण दाखविली. नोंद झाल्यावर एका गृहस्थांचा फोन आला. पाच हजार रुपयांत 'पहिल्या क्रमांकावर' आणून देतो म्हणाले. सुदैवाने मी आधी वाचले होते. शोधणाऱ्याच्या प्रश्नाशी आपला व्यवसाय किती जुळतो, तो किती अंतरावर आहे आणि किती परिचित आहे, यांवर हा क्रम ठरतो. पैसे देऊन तो विकत मिळत नाही, असे गूगलच सांगते. पैसे देऊन दाखवतात ती जाहिरात, आणि ती वेगळी. मैत्रिणींनी प्रेमापोटी खोटे अभिप्राय लिहून देण्याची तयारी दाखविली. तेही नियमाबाहेर असल्याने मी नको म्हटले. ज्यांनी जोड नेला त्यांनाच विनंती करते. दहांतले दोघे लिहितात.

खरी अडचण पुढेच होती. व्हॉट्सॲपने जानेवारी २०१८ मध्ये व्यावसायिकांसाठी निराळे ॲप आणले. त्यात मालाची सूची छायाचित्रे व किमतींसह ठेवता येते. मी ती हौसेने मांडली. वडिलांनी पाहिली आणि म्हणाले, "गिऱ्हाईक आलं की आपण आदी पाय बघतो, मग चप्पल. तुज्या त्या फोनात पाय कुठं दिसतोय गं?" मला उत्तर देता आले नाही. पहिल्या सात जोडांपैकी तीन परत आले, तेही टपालखर्च आमच्या माथी मारून! कारखान्याच्या बुटाचा आठ नंबर आणि वडिलांच्या हातचा आठ नंबर यांचे जमत नव्हते.

तेव्हा वडिलांनीच उपाय सांगितला. आता मागणी आली की नंबर न विचारता आम्ही पाय मागवितो. संध्याकाळी, म्हणजे दिवसभराने पाय थोडा सुजलेला असताना, कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहायचे. दुसऱ्याने पेन्सिल उभी धरून रेघ ओढायची, शेजारी पट्टी ठेवायची आणि बरोबर वरून छायाचित्र घ्यायचे. या सूचना मी एकदाच लिहून तयार उत्तरांत ठेवल्या आहेत. वडील तो पाय पाहून अंगठा आणि पट्टी बेततात. कातडे वापराने सैल पडते, म्हणून पट्टी जरा घट्टच ठेवतात, आणि तसे गिऱ्हाइकाला आधी कळवितो. तेव्हापासून एकच जोड परत आला.

वर्णन लिहितानाही असेच झाले. 'अस्सल' हा शब्द सगळेच लिहितात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात महाराष्ट्रातील चार व कर्नाटकातील चार जिल्हे येतात. पण ते चिन्ह लावायचे तर कारागिराची अधिकृत नोंद लागते. आमची व्हायची आहे, म्हणून चिन्ह लावीत नाही. त्याऐवजी बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले कातडे, वेणी कोणी घातली (ती आई घालते), जोडाला किती दिवस लागतात, हे लिहिते. विचारणा याच ओळींवर होते.

एक बारीक गोष्ट. एकाच वेळी अनेकांना पाठविण्याच्या यादीतून संदेश धाडला, तर ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनात जतन केला आहे, त्यांनाच तो पोहोचतो. म्हणून जोडाबरोबरच्या चिठ्ठीवर मी वडिलांचे नाव आणि 'क्रमांक जतन करावा' एवढे लिहिते.

महिन्याला पाचसहा जोड या मार्गाने जातात. बाकीचा माल अजून व्यापाऱ्याकडेच जातो. तो दर शनिवारी रोख देतो. फोनवरच्या गिऱ्हाइकाचा नेम नसतो, आणि पावसाळ्यात तर कोल्हापुरी कोणी मागत नाही. वडील त्याला तोडायला तयार नाहीत आणि मीही आग्रह धरीत नाही. मात्र फोनवरच्या जोडांच्या तळावर दुकानाचा छाप नसतो. तेथे काय उठवावे, याचा आमच्या घरी अजून वाद चालू आहे.