मुंबईचा किनारा आणि उद्याने : स्वतःच्या वाहनाने एका दिवसाची अभ्याससहल

मंत्रालयातील काम आटोपले की जिल्ह्यातून आलेला अधिकारी किंवा पंचायत सदस्य मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर घटकाभर बसतो, सवड असल्यास म्हातारीच्या बुटापाशी मुलांचे छायाचित्र काढतो आणि परतीच्या गाडीची वेळ गाठतो. शाळांच्या सहलींचा क्रमही फारसा निराळा नसतो. ही स्थळे सुटी सुटी पाहिली म्हणजे त्यांना जोडणारा धागा दिसत नाही. दक्षिणेपासून उत्तरेपर्यंतचा पश्चिम किनारा एका दिवसात सलग पाहिला, तर मात्र येथील बहुतेक मैदाने व बागा पूर्वी काही वेगळ्याच होत्या असे आढळून येते. कोठे तोफांच्या माऱ्यासाठी राखलेले पटांगण होते, कोठे पिण्याच्या पाण्याचा जलाशय, कोठे समुद्राचा तळ, तर कोठे शहराच्या कचऱ्याचा ढीग. त्या जागा मोकळ्या राहिल्या याचे कारण कोणीतरी त्या वेळीच अडवून धरल्या. ज्यांच्या हाती गावठाणाची गायराने व किनाऱ्यावरील जागा आहेत, त्यांनी ही सहल त्या दृष्टीने करावी.

जाण्याचे अंतर वळणांसह ४० किलोमीटरच्या आसपास भरते. यास्तव दिवस रविवार निवडावा आणि सकाळी सातच्या सुमारास निघावे. त्या दिवशी फोर्ट भागातील कचेऱ्या बंद असल्याने वाहन उभे करण्याची अडचण बरीच कमी होते. निघण्यापूर्वी भरती-ओहोटीचे कोष्टक पाहणे अगत्याचे आहे. मोठ्या भरतीच्या वेळी मुंबईच्या समुद्राची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. अशा वेळी जुहूची रुंद वाळू आक्रसते आणि हाजी अलीच्या दर्ग्याची वाट पाण्याखाली जाते. ओहोटी दुपारनंतर असेल असा दिवस धरल्यास सहलीचा उत्तरार्ध सुखाचा होतो.

आरंभ हॉर्निमन सर्कलच्या बागेपासून करणे सोयीचे. १८७२ साली सिद्ध झालेल्या या वर्तुळाकार बागेस स्वातंत्र्यानंतर ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव देण्यात आले. भारतीयांची बाजू निर्भयपणे मांडल्याबद्दल १९१९ साली ज्या इंग्रज पत्रकारास सरकारने हद्दपार केले, त्याचेच नाव एका गव्हर्नराच्या नावाच्या जागी आले.

येथून ओव्हल मैदान पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. किल्ल्याच्या तटाबाहेर शत्रूला आडोसा मिळू नये व तोफांचा मारा मोकळा राहावा, म्हणून एस्प्लनेड नावाचे विस्तीर्ण पटांगण रिकामे ठेवण्यात आले होते. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडला गेला. पटांगणाचा बराच भाग इमारतींखाली गेला, तरी ओव्हल, क्रॉस, आझाद आणि कूपरेज ही मैदाने शिल्लक राहिली. ओव्हलच्या मध्यभागी उभे राहून आधी पूर्वेकडे पाहावे. विद्यापीठाचा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय ही एकोणिसाव्या शतकातील दगडी वास्तुरचना दिसते. मग पश्चिमेकडे वळावे. तेथील गोलाकार सज्जांच्या इमारती १९३० च्या दशकातील असून त्यांच्याखालची जमीन समुद्रातून मिळवलेली आहे. त्यापूर्वी चर्चगेटच्या रेल्वेमार्गापलीकडे पाणीच होते. ३० जून २०१८ रोजी युनेस्कोने या दोन्ही रांगांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. शिक्षकांना इतिहास आणि भूगोल एकाच जागी शिकवावयाचा असेल, तर याहून सोयीचा वर्ग मुंबईत मिळणे कठीण.

मरीन ड्राइव्हची लांबी साडेतीन किलोमीटरहून किंचित अधिक आहे. बॅकबे भराव योजनेतून हा रस्ता निघाला. गव्हर्नर लॉइड यांच्या काळात त्या योजनेवर इतका पैसा वाया गेला, की लोक तिला ‘लॉइडचा मूर्खपणा’ म्हणू लागले. त्यातील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणणारे नगरसेवक व वकील खुर्शेद नरिमन यांच्यावर सरकारी अभियंत्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि तो नरिमन यांनी जिंकला. पुढे भराव घालून जे टोक तयार झाले, त्यास नरिमन पॉइंट हेच नाव मिळाले. भरावाविरुद्ध लढणाऱ्याची आठवण भरावावरच कोरली जावी, हा योगायोग गमतीदार खरा. रस्त्याच्या उत्तर टोकास गिरगाव चौपाटी लागते. १९२० साली लोकमान्य टिळकांवर येथील वाळूत अग्निसंस्कार झाले आणि १९३० साली याच किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडण्यात आला.

मलबार हिलचा चढ चढून गेल्यावर समोरासमोर दोन बागा लागतात. कमला नेहरू उद्यान १९५२ सालचे. त्यासमोरचे फिरोजशहा मेहता उद्यान ‘हँगिंग गार्डन’ या नावाने प्रसिद्ध आहे; पण येथे टांगलेले असे काहीही नाही. दक्षिण मुंबईस पाणी पुरविणाऱ्या जलाशयाच्या छपरावर १८८१ साली ही बाग करण्यात आली. हिरवळीवर धावणाऱ्या मुलांच्या पायाखाली कोट्यवधी लिटर पाणी साठलेले असते. हा जलाशय पाडून नव्याने बांधण्याची योजना महापालिकेने पुढे आणली, तेव्हा ३८९ झाडे बाधित होणार असे दिसून आले. रहिवाशांनी हरकती घेतल्या, तज्ज्ञांकडून जलाशयाची तपासणी झाली आणि अखेर पुनर्बांधणीऐवजी दुरुस्तीचा मार्ग स्वीकारण्यात आला. पाणीपुरवठा खंडित न करता जुनी वास्तू कशी राखावी, हा प्रश्न जिल्ह्यातील कोणत्याही नगरपरिषदेस अपरिचित नाही. याच टेकडीच्या उतारावर २०२५ च्या मार्चअखेर झाडांमधून जाणारी ४८५ मीटर लांबीची उन्नत पायवाट खुली झाली. तिकीट माफक आहे. मुलांना पक्षी दाखवावयाचे असल्यास सकाळीच जावे.

टेकडी उतरून महालक्ष्मीमार्गे वरळीकडे जाताना हाजी अलीजवळचा समुद्रालगतचा रस्ता लागतो. मुंबई व वरळी या बेटांमधील खिंडारातून भरतीचे पाणी आत शिरत असे. ते अडविण्यासाठी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या काळात जो बांध घालण्यात आला, त्यावरून आपले वाहन धावत असते. बांध वारंवार खचू लागला तेव्हा एका पाठारे प्रभू अभियंत्यास देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती वर काढल्यावर बांध टिकला आणि म्हणून महालक्ष्मीचे मंदिर उभे राहिले, अशी आख्यायिका आहे. बांधामुळे आतील दलदल वाळली व त्या सखल भागात पुढे घोड्यांच्या शर्यतींचे मैदान झाले. या मैदानाच्या २११ एकरांपैकी १२० एकर जमीन सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे देण्याचा निर्णय २०२४ साली झाला आहे.

दादरचे शिवाजी पार्क दुपारपूर्वी गाठावे. १९२५ साली माहीम पार्क या नावाने खुल्या झालेल्या या मैदानाचे नामांतर १९२७ साली, शिवजन्माच्या त्रिशताब्दीनिमित्त, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने झाले. क्षेत्रफळ सुमारे २८ एकर. त्याच्याभोवतीचा कट्टा ही दादरकरांची खरी सार्वजनिक संस्था, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील विराट सभा येथे झाल्या, येथेच क्रिकेटच्या पिढ्या घडल्या आणि २०१० साली उच्च न्यायालयाच्या आदेशाने हा परिसर शांतता क्षेत्र ठरला. सभा, खेळ आणि शेजाऱ्यांची झोप यांचा मेळ घालणे सोपे नसते. मैदानाच्या वापरासंबंधीचे तंटे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांनी या प्रकरणाचा अभ्यास अवश्य करावा. जवळच समुद्रकाठी चैत्यभूमी आहे. तेथे ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.

यानंतरचे ठिकाण सहसा कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत ठळकपणे आढळत नाही; या लेखकाच्या मते मात्र सहलीचा सर्वांत मोलाचा तास तेथेच खर्ची पडावा. धारावीलगत, मिठी नदीच्या काठी, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. ही सुमारे ३७ एकर जागा म्हणजे शहराची कचराभूमी होती. १९७७ साली तेथे कचरा टाकणे बंद झाले. ढिगावर माती पसरून देशी झाडे लावण्यात आली आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. आज तेथे दाट वनराई आहे. फुलपाखरे आणि पक्षी आहेत. झाडांच्या सावलीत उभे राहिल्यावर आपल्या पायाखाली कचऱ्याचा थर आहे हे सांगूनही खरे वाटत नाही. गावाबाहेरच्या उकिरड्याचे काय करावे हा प्रश्न आज बहुतेक मोठ्या ग्रामपंचायतींपुढे आहे. त्याचे एक उत्तर येथे डोळ्यांनी पाहता येते, आणि त्यास सुमारे सतरा वर्षांचा धीर लागला हेही कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा याच मिठीने हाहाकार उडविला होता. नदीकाठची जमीन मोकळी व झाडांनी बांधलेली असणे किती आवश्यक आहे, याचे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांस येथेच द्यावे.

वांद्र्यास १६४० सालचा पोर्तुगीज किल्ला, बँडस्टँड आणि कार्टर रस्त्यालगतची खारफुटी एका ओळीत येतात. किल्ल्यास पाऊण तास पुरे. खारफुटीपाशी मात्र थांबावे. चिखलातून वर आलेली तिची श्वसनमुळे ओहोटीच्या वेळी कठड्यावरून दिसतात. २००५ साली उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटीच्या तोडीस मनाई करणारा आदेश दिला आणि २०१२ साली राज्याच्या वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. कोकणात या झाडांना तिवरे म्हणतात आणि तेथील मच्छीमारांना त्यांची उपयुक्तता न्यायालयाच्या पुष्कळ आधी ठाऊक होती.

जुहूस पोहोचेपर्यंत ऊन कलते. येथील विमानतळावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन उतरले आणि टाटांच्या हवाई टपालसेवेस प्रारंभ झाला. चौपाटीवर खाद्यपदार्थांचा मोह होणारच. पोहण्याचा मोह मात्र टाळावा. जीवरक्षकांच्या सूचना मोडून पाण्यात उतरणाऱ्यांचे बळी मुंबईच्या किनाऱ्यावर वारंवार जातात. पावसाळ्यात लाटांबरोबर निळसर फुग्यांसारखे विषारी समुद्रजीव वाळूवर येतात. मुलांनी त्यांना हात लावू नये.

वाळूवर बांधकाम का दिसत नाही, असे विद्यार्थी विचारतात. १९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवण्यास सांगितले होते. फेब्रुवारी १९९१ मध्ये पर्यावरण संरक्षण कायद्याखाली किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली व त्या सूचनेस कायद्याचे बळ मिळाले. २०१९ च्या अधिसूचनेनुसार दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून ५० मीटरचा पट्टा आणि विरळ वस्तीच्या किनाऱ्यावर २०० मीटरचा पट्टा ‘ना-विकास क्षेत्र’ ठरतो. आपले गाव यांपैकी कोणत्या वर्गात मोडते हे किनारी पंचायतीच्या प्रत्येक सदस्यास तोंडपाठ असावयास हवे. निवाससंकुलांचे अर्ज पंचायतीपुढे येतात तेव्हा हा तपशील कळणे उशिराचे ठरते.

जुहूच्या उत्तरेस वर्सोव्याचा किनारा आहे. ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोज शाह यांच्या पुढाकाराने नागरिकांनी तेथील प्लास्टिकचे थर दर आठवड्यास उपसण्यास आरंभ केला. मार्च २०१८ मध्ये त्या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्राकडे जाताना दिसली. कोकणच्या वाचकांस यात नवल वाटणार नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने कासवांची घरटी राखण्याचे काम २००२ पासूनच हाती घेतले असून कासव पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांच्या मुक्कामातून तेथील घरांना उत्पन्नही मिळते. या बाबतीत महानगर खेड्याच्या मागून चालले आहे.

बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान याच दिवसात उरकण्याचा प्रयत्न करू नये. शंभरावर चौरस किलोमीटरचे ते जंगल व कान्हेरीची लेणी यांना स्वतंत्र दिवस द्यावा. सोमवारी ते बंद असते.

परतीचा मार्ग समुद्रावरून घ्यावा. वांद्रे-वरळी सागरी सेतू ३० जून २००९ रोजी खुला झाला. त्याची लांबी ५.६ किलोमीटर असून त्यावर पथकर आहे. त्यापुढील किनारी रस्त्याचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी २०२५ पासून दोहोंची पूर्ण जोडणी झाली. येताना ज्या वाटेस दिवस लागला, ती अर्ध्या तासाच्या आत मागे पडते. दुचाकी व तीनचाकी वाहनांना या दोन्ही मार्गांवर मनाई आहे. त्यांनी माहीममार्गे परतावे. सरळ भागात ताशी ८० व बोगद्यात ६० किलोमीटर ही वेगमर्यादा असून मध्ये कोठेही थांबता येत नाही. या रस्त्यासाठी सुमारे १११ हेक्टर नवा भराव घालण्यात आला. त्यालगतच्या पदपथाचा सव्वापाच किलोमीटरचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये खुला झाला आहे.

वरळीजवळ सेतू आणि रस्ता जोडणाऱ्या पुलाकडे मात्र मागील आसनावर बसलेल्यांनी लक्ष द्यावे. मूळ आराखड्यात तेथील दोन खांबांमधील अंतर ६० मीटर होते. खवळलेल्या समुद्रात त्यातून होड्या नेणे धोक्याचे ठरेल, असे वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांचे म्हणणे होते. त्यांनी काम रोखून धरले, दीर्घ काळ चर्चा चालल्या आणि डिसेंबर २०२२ मध्ये मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करण्याचा निर्णय झाला. चालत्या वाहनातून हे क्षणभरच दिसते. नीट पाहावयाचे असेल तर जातानाच वरळी कोळीवाड्याकडे वळावे, किल्ल्याजवळ वाहन ठेवावे आणि क्लीव्हलँड बंदरातून सुटणाऱ्या होड्या त्या कमानीखालून जाताना पाहाव्यात.