काहीच घडलं नाही, त्याचं कौतुक कोण करणार? (सुरक्षेचं चांगलं काम मुलांना ओळखायला शिकवताना)



14 एप्रिलला आपण शाळेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती साजरी करतो. त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा दिन असतो आणि 20 एप्रिलपर्यंत अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. पण एप्रिल म्हणजे आपल्याकडे परीक्षांची गडबड, पेपर तपासणी, निकालपत्रकं. त्यामुळे बहुतेक शाळांत या सप्ताहाचं फलकलेखन होतं, एक फोटो ग्रुपवर जातो आणि विषय संपतो. मीही अनेक वर्षं एवढंच केलं.

एका वर्षी मात्र चौथीच्या वर्गात मी या दिवसामागची गोष्ट नीट सांगायची ठरवली. गोष्ट संपल्यावर विचारलं, "तुमच्या हातात एक पदक असतं, तर कुणाला दिलं असतं?" सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, "आग विझवणाऱ्यांना!" तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "बाई, पण आग लागलीच नसती तर पदक कुणाला दिलं असतं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. पुढे त्या उत्तराच्या शोधात जे वाचलं आणि वर्गात जे करून पाहिलं, ते इथे मांडते.

गोष्ट 14 एप्रिल 1944 ची

दुसरं महायुद्ध चालू होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टायकिन' नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे 1400 टन स्फोटकं आणि दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या आणि कापसाच्या हजारो गाठीही होत्या. दुपारी जहाजातून धूर येताना दिसला. अग्निशमन दलाचे बंब आले, जवान पाण्याचा मारा करत राहिले, पण कापसाची आग आतल्या आत धुमसत होती. चार वाजून गेल्यावर पहिला प्रचंड स्फोट झाला आणि अर्ध्या तासाच्या आत दुसरा. गोदी आणि आजूबाजूची वस्ती उद्ध्वस्त झाली. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान मृत्युमुखी पडले. त्यांच्याच स्मरणार्थ हा दिवस पाळला जातो.

मुलांना ही गोष्ट फार भिडते. जहाजात स्फोटकं आहेत हे कळल्यावरही जवान मागे हटले नाहीत, हे ऐकताना वर्ग अगदी शांत होतो. पण इथेच थांबलो, तर आपण गोष्टीचा अर्धाच भाग शिकवतो.

उरलेला अर्धा भाग असा : कापूस चटकन पेट घेतो. तो आणि स्फोटकं एकाच जहाजात भरली गेली. धोकादायक माल असलेल्या जहाजावर लाल बावटा लावायची पद्धत होती, तो या जहाजावर लावलेला नव्हता. धूर दिसल्यानंतरही जहाज खोल समुद्रात न्यायचं की तिथेच बुडवायचं, याचा ठाम निर्णय वेळेत कुणी घेतला नाही. म्हणजे त्या 66 जवानांच्या वाट्याला जे आलं, त्याची सुरुवात इतरांनी आधी न केलेल्या साध्या साध्या कामांत होती.

हे सांगितल्यावर मी पुन्हा विचारलं, "आता पदक कुणाला?" एक मुलगा म्हणाला, "आग विझवणाऱ्यांनाच. पण कापूस आणि बॉम्ब एकत्र ठेवू नका असं कुणी म्हटलं असतं, तर त्यालापण." मागच्या रांगेतल्या मुलीला अर्धं उत्तर तिथे मिळालं.

आपल्या देशात सुरक्षेच्या कामाचा गौरव कसा होतो?

वर्गात सांगता येईल अशी थोडी माहिती :

• पोलीस, अग्निशमन दल, गृहरक्षक दल आणि नागरी संरक्षण दलातल्या व्यक्तींना प्रजासत्ताक दिन व स्वातंत्र्य दिनाच्या निमित्ताने शौर्य आणि सेवेची पदकं जाहीर होतात.

• बुडणाऱ्याला, आगीत किंवा अपघातात सापडलेल्याला वाचवणाऱ्या सामान्य नागरिकांसाठी जीवन रक्षा पदक पुरस्कार आहेत. ते 1961 पासून दिले जातात. सर्वोत्तम जीवन रक्षा पदक, उत्तम जीवन रक्षा पदक आणि जीवन रक्षा पदक अशा त्यांच्या तीन श्रेणी आहेत.

• सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार नेताजींच्या जयंतीला, म्हणजे 23 जानेवारीला जाहीर होतो. संस्थेला 51 लाख रुपये, तर व्यक्तीला 5 लाख रुपये असं त्याचं स्वरूप आहे.

पहिल्या दोन प्रकारांत बहुतेक वेळा संकट आल्यानंतरच्या धैर्याचा सन्मान असतो, आणि तो व्हायलाच हवा. तिसऱ्या पुरस्कारात मात्र संकट येण्याआधी केलेली तयारीही मोजली जाते. मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर मला तिथे सापडलं.

ओडिशाचं उदाहरण : न गेलेल्या जिवांची मोजणी

29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ धडकलं. सुमारे 10 हजार माणसं गेली. त्याच वर्षी राज्याने आपत्ती व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन केलं. मग वर्षानुवर्षं एक कंटाळवाणं वाटणारं काम चालू राहिलं. किनाऱ्यावरच्या गावांजवळ पक्की निवारागृहं बांधली. गावोगावी स्वयंसेवक तयार केले. इशारा आला की तो शेवटच्या घरापर्यंत कोण पोचवणार, म्हाताऱ्यांना कोण हाताला धरून नेणार, हे आधीच ठरवलं. आणि सराव, पुन्हा पुन्हा सराव.

12 ऑक्टोबर 2013 ला 'फायलिन' हे अतितीव्र चक्रीवादळ याच राज्यात आलं. हवामान खात्याने वेळेत अंदाज दिला होता. सुमारे 10 लाख लोकांना आधीच सुरक्षित ठिकाणी हलवलं गेलं. घरं पडली, शेती गेली, पण जीवितहानी काही डझनांवर थांबली. 10 हजार कुठे आणि काही डझन कुठे! 2023 साली या प्राधिकरणाला सुभाषचंद्र बोस आपदा प्रबंधन पुरस्कार मिळाला.

आपल्या शिक्षकांसाठी यातली विशेष गोष्ट म्हणजे, यातल्या अनेक निवारागृहांत एरवी शाळा भरते. म्हणजे रोजच्या वापरात असलेली, दारं-खिडक्या-पाणी सगळं चालू असलेली इमारत वादळाच्या दिवशी गावाला आसरा देते. वर्षभर कुलूप लावून ठेवलेली इमारत ऐन वेळी कामाला येत नाही. नवा विचार म्हणजे महागडं यंत्रच हवं असं नाही, हे मुलांना इथे छान समजतं.

त्याच वर्षी हा पुरस्कार मिझोराममधल्या लुंगलेई अग्निशमन केंद्रालाही मिळाला. एप्रिल 2021 मध्ये लुंगलेई शहराभोवतीच्या जंगलात मोठा वणवा पेटला. तिथल्या जवानांनी 32 तासांहून जास्त वेळ सलग काम केलं. विशेष म्हणजे मदतीला आलेल्या स्थानिक लोकांना त्यांनी जागेवरच शिकवून कामाला लावलं. त्या आगीत जीवितहानी झाली नाही. आपलं कौशल्य दुसऱ्याच्या हातात देणं, हासुद्धा उत्कृष्ट कामाचाच भाग आहे. आपण शिक्षक हेच तर करतो!

आणि आपली शाळा?

हे सगळं सांगताना माझ्या डोळ्यांपुढे तमिळनाडूतलं कुंभकोणम येत होतं. 16 जुलै 2004 रोजी तिथल्या एका शाळेत, दुपारच्या जेवणाच्या स्वयंपाकघरातल्या आगीने गवती छप्पर पेटलं आणि 94 मुलं गेली. पुढे 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांच्या सुरक्षेबाबत निर्देश दिले. शाळेत अग्निशामक साधनं असावीत आणि ती वापरायचं प्रशिक्षण शिक्षकांना मिळावं, हे त्यात आहे.

पोषण आहार आपल्याही शाळेत शिजतो. म्हणून मी वर्गाला एक उपक्रम दिला. नाव ठेवलं 'सुरक्षेचे शोधक'. चार-चार मुलांचे गट केले. प्रत्येक गटाने शाळेत फिरून दोनच गोष्टी शोधायच्या :

1. कोण असं काम करतं, ज्यामुळे आपल्याला इजा होत नाही?
2. कुठे अशी गोष्ट आहे, जिच्यामुळे इजा होऊ शकते?

नियम एकच : कशालाही हात लावायचा नाही. बघायचं, लिहायचं आणि मोठ्यांना सांगायचं.

पहिल्या प्रश्नाची उत्तरं ऐकून मी चाट पडले. "खिचडी करणाऱ्या मावशी रोज जाताना रेग्युलेटर बंद करतात आणि परत एकदा बघायला येतात." "पावसाळ्यात पायरीवर शेवाळ आलं की शिपाईकाका चुना टाकतात." "सातवीतली ताई लहान मुलांना रस्ता ओलांडेपर्यंत गेटवर थांबते." एवढ्या वर्षांत यातल्या एकालाही आम्ही कधी पुष्पगुच्छ दिला नव्हता. पुष्पगुच्छ पाहुण्यांसाठी असतो ना!

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला लागलं. एका गटाने लिहिलं होतं : "ऑफिसमधला लाल सिलिंडर कपाटाच्या मागे आहे. काटा हिरव्यात नाही, लाल भागात आहे."

खरं होतं. अग्निशामक नळकांडं होतं, पण भिंत रंगवताना काढलेलं ते परत टांगलंच नव्हतं आणि त्यातला दाब उतरला होता. मी रोज त्या कपाटातून हजेरीपट काढत होते.

त्या क्षणी माझ्या तोंडावर आलेलं वाक्य होतं, "तुम्हाला ऑफिसात जायला कुणी सांगितलं?" ते मी गिळलं, एवढंच माझं श्रेय. कारण ते वाक्य बाहेर पडलं असतं, तर वर्गातल्या सगळ्या मुलांनी एक धडा कायमचा गिरवला असता : धोका दिसला तरी गप्प बसायचं, नाहीतर ओरडा बसतो. गोदीतल्या त्या जहाजाबद्दल मीच त्यांना सांगितलं होतं, आणि माझ्याच शाळेत लाल बावटा दाखवणाऱ्यांना मी गप्प करणार होते.

मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनाही आधी अवघडल्यासारखं झालं, पण आठवड्याभरात नळकांडं भरून आलं आणि दाराजवळ, सगळ्यांना दिसेल असं टांगलं गेलं. शनिवारच्या परिपाठात चार कौतुकपत्रं दिली : मावशींना, शिपाईकाकांना, सातवीतल्या ताईला आणि त्या गटाला. कार्डशीटवर मुलांनीच लिहिलेली. मावशींनी पत्र हातात घेतलं आणि विचारलं, "बाई, रेग्युलेटर बंद करायचंच असतंय की. त्याचं काय कौतुक?" मग त्यांनी ते पदराला पुसून स्वयंपाकघरात डब्याच्या वर लावलं. अजून तिथेच आहे.

तुमच्या वर्गात करून पाहायचं असेल तर

• गोष्टीचे दोन भाग करा. शौर्याची गोष्ट सांगून झाली की "हे टाळता आलं असतं का? कुणी, कधी, काय केलं असतं तर?" हे प्रश्न जरूर विचारा.

• कृती दाखवा. अग्निशामक वापरायच्या चार पायऱ्या मोठ्यांनी पाठ कराव्यात : पिन काढा, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, नळी डावीकडून उजवीकडे फिरवा. मुलांनी मात्र आग विझवायला जायचं नाही. बाहेर पडायचं आणि ओरडून सांगायचं, हेच त्यांचं काम.

• क्रमांक म्हणून घ्या. कोणत्याही तातडीसाठी 112, अग्निशमन 101, रुग्णवाहिका 108, चाइल्ड हेल्पलाइन 1098. फोनवर आधी ठिकाण सांगायचं, मग काय झालं ते. याचा नाट्यीकरणातून सराव घ्या.

• कौतुकाची कसोटी ठरवा. आम्ही तीन प्रश्न ठेवले : या कामामुळे कोण सुरक्षित झालं? हे काम नियमित होतं का? ते दुसऱ्याला शिकवता येईल का? उंचावरून उडी मारणं, विहिरीत उतरणं असल्या धाडसाला या कसोटीत गुण नाहीत, हेही स्पष्ट सांगा.

• धोका दाखवणाऱ्याला आधी 'बरं झालं सांगितलंस' म्हणा. मग तपासा. मुलाचं चुकलं असेल तरी चालेल.

पालकांसाठी थोडंसं

घरी मूल म्हणालं, "बाबा, हेल्मेट घाला ना," तर "मला शिकवतोस का?" असं उत्तर आपण हसत हसत देतो. मूल त्यातून काय शिकतं, याचा विचार करूया. रात्री गॅस बंद केलाय का हे उठून पाहणारी आजी, सुटलेली वायर लगेच टेपने गुंडाळणारे काका, यांचं कौतुक मुलांसमोर मोठ्याने करा.

मागच्या रांगेतल्या त्या मुलीला मी शेवटी उत्तर दिलं : "आग लागलीच नाही, तर पदक ती लागू न देणाऱ्याला. फक्त तो कोण, हे शोधावं लागतं. तो स्वतःहून पुढे येत नाही." ती थोडा विचार करून म्हणाली, "मग दर महिन्याला शोधूया."

आता महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही शोधतो. दप्तर ठेवायच्या आधी अग्निशामकाचा काटा बघून येणारी दोन मुलं तर रोजचीच झाली आहेत. तुमच्या शाळेतला काटा सध्या कुठे आहे, तेवढं उद्या सकाळी नक्की बघा.