शाळा सुटल्यानंतरचे दोन तास : सायंवर्ग चालविणाऱ्यांसाठी एक अभ्यास

रविवारची उपासना, महिला मंडळाची सभा आणि एखादा विवाहसमारंभ एवढे सोडले, तर मंडळीचे सभागृह आठवडाभर बहुधा कुलूपबंद असते. त्याच गल्लीतील कितीतरी मुले शाळा सुटल्यावर रिकाम्या घरी परततात, कारण आई-वडील दोघेही कामावर गेलेले असतात. या दोन गोष्टी एकत्र आणाव्यात, अशी इच्छा अनेक ठिकाणच्या तरुण संघांना होते. वर्ग सुरूही होतात; परंतु पुष्कळ वर्ग वर्षभरात ओस पडतात. असे का होते आणि चांगला सायंवर्ग कशाने टिकतो, याचा विचार या पाठात करावयाचा आहे.

ही कल्पना आपल्याला नवी नाही. इंग्लंडमधील ग्लॉस्टर शहरात १७८० साली रॉबर्ट रेक्स यांनी सुरू केलेली शाळा शब्बाथ शाळेच्या चळवळीचा उगम मानली जाते. आठवड्याचे इतर दिवस कामावर राबणाऱ्या मुलांसाठी ती रविवारी भरे आणि तेथे मुलांना वाचावयास शिकविले जाई. मुलाला मोकळा असेल तो वेळ धरावा व त्याला नड असेल ते द्यावे, हे सूत्र आजही तितकेच खरे आहे.

१) खरी नड कोणती?

बहुतेक सायंवर्ग गृहपाठापासून सुरू होतात. मुले वह्या उघडतात, फळ्यावरून किंवा शेजाऱ्याच्या वहीतून उत्तरे उतरवितात आणि पालक समाधानी होतात. परंतु भरलेली वही ही समजल्याची खूण नव्हे. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची ‘असर’ ही पाहणी २००५ पासून होत आली आहे. तिच्या २०२४ च्या अहवालानुसार इयत्ता पाचवीतील निम्म्याहून थोडी कमी मुलेच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. ज्याला प्रश्नच वाचता येत नाही, त्याच्याकडून पाचवीचा गृहपाठ पुरा करवून घेणे म्हणजे त्याची अडचण झाकणे होय.

म्हणून पहिल्या आठवड्यात शिकवू नये, पाहावे. प्रत्येक मुलाला एकट्याला जवळ बसवून काही अक्षरे, काही सोपे शब्द, चार वाक्यांचा उतारा व एक छोटी गोष्ट क्रमाने वाचावयास द्यावी. याला काही मिनिटेच लागतात. मूल जेथे अडखळते, तेथून त्याचा वर्ग सुरू होतो. मग त्याची इयत्ता कोणतीही असो.

२) मुंबई आणि बडोदे येथील अनुभव

‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाचा २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथील महापालिका शाळांत बारकाईने अभ्यास झाला. हा उपक्रम शाळेच्या वेळातच चाले, तरी त्याचे धडे आपल्या उपयोगाचे आहेत. तिसरी-चौथीतील मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज सुमारे दोन तास वस्तीतीलच एका तरुणीकडे बसत. ती माध्यमिक शिक्षण घेतलेली असे आणि तिला सुरुवातीस सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण मिळे. मागे पडलेल्या मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. मात्र जी मुले मूळ वर्गातच राहिली, त्यांचा वर्ग लहान होऊनही त्यांना तसा लाभ झाला नाही. म्हणजे संख्या कमी करणे पुरेसे नव्हे. मुलाच्या पातळीवर उतरून शिकविणे हे मर्म आहे.

आणखी एक गोष्ट आढळली. उपक्रम थांबल्यानंतर वर्षभराने त्या लाभाचा बराच भाग ओसरला होता. तीन महिने उत्साहाने चालवून बंद पडणाऱ्या वर्गांनी हे ध्यानात ठेवावे. या अभ्यासातील अभिजित बॅनर्जी व एस्तेर दुफ्लो यांना २०१९ साली मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

३) मुले येतच नसतील तर?

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये गावोगावच्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालविले. जी मुले आली ती वाचनात पुढे सरकली. पण ज्यांना गरज होती त्यांपैकी थोडीच आली. चांगला वर्ग असणे एक आणि मुलाचे पाऊल तेथे रोज पडणे दुसरे.

यास्तव वर्ग घोषणेने भरत नाही, घरभेटीने भरतो. आईच्या कामाच्या वेळा विचाराव्यात. धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी त्याला कडेवर घेऊन आली, तर दोघांनाही जागा द्यावी. मूल दोन दिवस दिसले नाही, तर तिसऱ्या दिवशी कोणीतरी त्याच्या दारी जावे. आणि शिकविणारी व्यक्ती दर आठवड्याला बदलू नये. मुले खडूफळ्यासाठी येत नाहीत. आपली वाट पाहणाऱ्या माणसासाठी येतात.

४) दोन तासांची आखणी

अमेरिकेतील शाळेनंतरच्या अनेक उपक्रमांचा एकत्रित आढावा २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्या उपक्रमांत शिकविणे पायरीपायरीने होते, मुले स्वतः हातांनी करीत होती, त्यासाठी वेळ राखून ठेवलेला होता आणि काय साधावयाचे हे स्पष्ट होते, त्यांतील मुलांच्या वागणुकीत व अभ्यासात सुधारणा दिसली. इतर उपक्रमांत तशी सुधारणा आढळली नाही. या चार कसोट्यांवर आपली सायंकाळ पुढीलप्रमाणे बसविता येईल :

– पहिली पंधरा मिनिटे : हातपाय धुणे, चणे-गूळ, दिवसाची विचारपूस.
– पुढील चाळीस मिनिटे : पातळीनुसार गट करून वाचन व गणित.
– वीस मिनिटे : मैदानी खेळ.
– तीस मिनिटे : गृहपाठ, येथे मोठ्यांनी लहानांना साहाय्य करावे.
– शेवटची पंधरा मिनिटे : सर्वांना मोठ्याने एक गोष्ट वाचून दाखविणे.

आठवी ते दहावीच्या मुलांना लहानांबरोबर केवळ बसवून ठेवू नये. त्यांच्याकडे ग्रंथपेटी, हजेरी, खेळ अशी जबाबदारी सोपवावी. ज्यांची शाळा सुटली आहे त्यांना १९८९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षांची माहिती द्यावी.

५) उच्चार आणि अर्थ

भाषांतराचे काम करणाऱ्याला एक भेद रोज जाणवतो : शब्द उच्चारता येणे वेगळे व अर्थ कळणे वेगळे. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांपुढे केवळ वाचन झाले नाही, तर वाचलेल्याचा अर्थही सांगण्यात आला. हैदराबाद, इंदूर किंवा बडोदे येथील मराठी घरातील मूल घरी एक भाषा बोलते व शाळेत दुसरी वाचते. ते घडाघडा वाचील आणि त्याला काहीच समजलेले नसेल. उतारा संपल्यावर पुस्तक मिटून, “आता तुझ्या शब्दांत सांग” असे म्हणावे. ते मराठीत, हिंदीत किंवा सरमिसळ बोलले तरी अडवू नये. अर्थ पोहोचला की नाही एवढेच पाहावे.

६) साधने

पैशांवाचून वर्ग अडत नाही. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. नॅशनल बुक ट्रस्ट व भोपाळची ‘एकलव्य’ संस्था यांची बालपुस्तके अल्प किमतीत मिळतात. ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठीसह अनेक भारतीय भाषांतील सचित्र गोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत. अरविंद गुप्ता यांच्या पुस्तकांतून आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांपासून भूमितीचे आकार कसे करावेत ते शिकता येते.

७) सुरक्षितता आणि सचोटी

मुलांबरोबर नेहमी दोन प्रौढ असावेत, दार उघडे असावे व मूल कोणाबरोबर घरी जाते याची नोंद असावी. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असूनही न कळविणे हा गुन्हा आहे. मंडळीचे नाव राखण्यासाठी मौन धरणे ही सेवा नव्हे. मुलांच्या साहाय्यासाठी असलेला १०९८ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहावा.

तसेच वर्ग सर्व धर्मांच्या मुलांना खुला असेल, तर तो शिक्षणासाठीच आहे हे पालकांना आरंभीच सांगावे व तसेच वागावे. प्रार्थना ही प्रवेशाची अट असू नये. वर्गासाठी म्हणून दिलेला वेळ वर्गालाच द्यावा. पालकांचा विश्वास त्यावरच उभा राहतो.

विचारासाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीच्या परिसरात दुपारी चार ते सात या वेळेत किती मुले एकटी असतात? हे कोणी मोजले आहे काय?
२. निदान एक वर्षभर, तेच दिवस व तीच वेळ पाळू शकतील अशा दोन व्यक्ती कोण?
३. सहा महिन्यांनी वर्ग यशस्वी झाला हे आपण कशावरून ठरविणार : हजेरीवरून, की प्रत्येक मूल जेथे अडखळत होते तेथून किती पुढे गेले यावरून?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत वर्गाची घोषणा करू नये. मिळाले, तर दहा मुले व एक सतरंजी एवढ्यावर उद्याही आरंभ करता येईल.