चित्रपुस्तके व बालकांचे मन

पालकसभेच्या दिवशी आम्हांस बहुधा एक प्रश्न ऐकावा लागतो : "गुरुजी, धाकट्याच्या पुस्तकात अक्षरेच नाहीत. नुसती चित्रे पाहून तो काय शिकणार?" प्रश्न रास्त आहे. पोटाला चिमटा घेऊन मुलास शाळेत धाडणाऱ्याने तो विचारावाच.

चित्रांचे पुस्तक मुलांच्या हाती देण्याची चाल नवी नव्हे. १६५८ साली न्युरेंबर्ग शहरी कोमेनियस नामक बिशपाचे सचित्र बालपुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पशुपक्षी व अवजारे यांजबरोबर सहनशीलता, औदार्य इत्यादी गुणांचीही चित्रे आहेत. परंतु इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या डहाणू तालुक्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, हे विद्यार्थी जाणतातच. मशे बालपणी मातेस मुकले. त्या धक्क्याने त्यांचे बोलणे बंद झाले आणि मनातील गोष्ट ते धुळीत चित्रे रेखून सांगू लागले.

वारली चित्रातील माणसास नाकडोळे बहुधा नसतात. टोकास टोक जोडलेले दोन त्रिकोण व काडीसारखे हातपाय, एवढेच. तरी नाचणारा कोण व दमलेला कोण, हे लहान मूल कमरेच्या वाकावरून ओळखते. दुसऱ्याच्या मनाची स्थिती ओळखण्याचा हा अभ्यासच होय. चेन्नईच्या तारा बुक्स या संस्थेने २००९ साली 'डू!' नावाचे वारली चित्रांचे पुस्तक काढले आहे. मिळाल्यास अवश्य पाहावे.

एकदा आमच्या नववीच्या मुलींनी बालवर्गाच्या फळ्यावर भाताची आवणी काढली. ओळीने वाकलेल्या बाया, आणि एक मात्र बांधावर एकटी. ती कोण, यावर वाद माजला. कोणी म्हणे दमली, कोणी म्हणे रुसली. दिवाळीनंतर ज्याचे आईबाप वीटभट्टीवर गेले होते, असा एक अबोल मुलगा आपल्या घरच्या बोलीत म्हणाला, "तिची आई गेली भट्टीवर." आणि आम्ही काय केले? शिक्षकी सवयीने लगेच विचारले, "मग यावरून बोध काय?" मुलगा पुन्हा गप्प झाला. तो प्रश्न आम्ही त्या तासापुरता तरी कायमचा सोडला आहे.

त्याऐवजी तीन प्रश्न पुरतात. हा कोण? याला काय वाटते? तुला कसे कळले? तिसरा सर्वांत मोलाचा, कारण मूल तेथे थांबून चित्र पुन्हा पाहते. उत्तर वारलीत आले, धोडियात आले, तरी चालेल. शुद्ध मराठीचा आग्रह त्या वेळी नको. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला, गुरे राखणाऱ्या मुलांमागे शाळाच कुरणात नेली, त्यांच्या भोवतालच्या वस्तूंनीच शिकविले.

ज्या मातापित्यांस वाचता येत नाही, त्यांनीही संकोच करू नये. चित्रापुढे ते व मूल सारखेच वाचक. पुस्तक नसेल तर सारवलेली भिंत व तांदळाचे पीठ घरात आहेच. विद्यार्थ्यांनो, धाकट्या भावंडास जवळ घ्या आणि पहिली रेघ त्यालाच ओढू द्या.